येर्कोच्या नातीचं लग्न

युगोस्लाव्हियात क्रोएट आणि सर्बांमध्ये युद्ध पेटलं, त्याच वर्षी इकडे पिट्सबर्गमध्ये तादियाची बायको देसांका वारली. मयताच्या जेवणासाठी तो हॉल मागायला गेला, तर क्रोएशियन मंडळाचा अध्यक्ष येर्को म्हणाला, “तू आमचाच आहेस रे, पण सर्बीण बाईसाठी हॉल नाही मिळणार.”

आज त्याच हॉलमध्ये येर्कोच्या नातीचं लग्न होतं. जन्मभर तंबुरिका वाजवत आलेला तादियाच वाजवायला होता. पाहुण्यांनी म्हाताऱ्या येर्कोला हौसेने फेराच्या नाचात सर्वांत पुढे उभं केलं. वाद्यं थांबण्याआधी पुढच्याने फेर सोडला, तर सगळ्यांदेखत नाचक्की. थोड्याच वेळात येर्को लालबुंद झाला.

“तादिया, बस कर रे बाबा! पाय उचलत नाहीत आता.”

तादियाने हसून मान डोलावली आणि साथीदारांकडे वळला.



“पुन्हा पहिल्यापासून घ्या. आणि जरा जलद.”