दाराला पाठ लावून उभी मुलगी

"सूर्य जरा वर घ्या, बाई. अध्यक्षांच्या डोक्याला लागतोय."

चित्रकलेच्या बाईंनी माउस सरकवला. सूर्य वर गेला. खाली संस्थेच्या अध्यक्षांचा गोल फोटो, त्याखाली पंख पसरलेलं कबूतर, कबुतराच्या पायाशी उघडं पुस्तक, आणि उरलेल्या जागेत शाळेची इमारत, जन्मात नव्हती इतकी चकचकीत. शाळेच्या वार्षिक अंकाचं मुखपृष्ठ. नमुना सहावा. 

नमुना पहिला असा नव्हता. त्यात आठवीतल्या एका मुलीचं चित्र होतं, बस्स. बंद हिरवं दार. दाराला पाठ लावून उभी मुलगी, दोन्ही हात मागे, नजर थेट बघणाऱ्यावर. बघणारा थांबणार, आत काय आहे म्हणून पान उलटणार. मुखपृष्ठानं आणखी काय करायचं असतं?

आता त्या गर्दीत मुलीचं नुसतं डोकं आणि मागचं थोडं दार दिसत होतं. आणि दुपारी अंक छापखान्यात जायचा होता.

"सर, हे भंगाराचं दुकान झालंय," बाई म्हणाल्या. "कोण बघणार यात?"

"अध्यक्ष बघतील की!" मुख्याध्यापक खुशीत हसले. खुर्ची पुढे ओढून त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. मुलीच्या कपाळावर तेलकट ठसा उमटला. "आणि हे दार उघडं हवं. ज्ञानाचं दार! आतून उजेड येतोय. कसं?"

नमुना सातवा. बाईंनी दात आवळले. "चित्र तिचं आहे. तिलाच विचारा."

मधल्या सुट्टीतून मुलीला बोलावणं गेलं. ती आली आणि उंबऱ्याशीच उभी राहिली.

"बाळ, हे दार उघडं काढून देशील ना?"

"उघडं नको, सर." मुलगी गोंधळली. "आत मैत्रीण असते."

"आत म्हणजे?"

"मुलींच्या शौचालयात. कडी तुटलीय ना. एकीनं जायचं, एकीनं बाहेरून दार दाबून धरायचं."

"कधीपासून गं?" बाईंनी विचारलं.

"माझी ताई या शाळेत होती, तेव्हापासून."

मुख्याध्यापकांनी बोट झटकलं, पडद्यावरचं काही लागल्यासारखं. "शी! संडास? मुखपृष्ठावर? काढा ते आधी. बाई, तुम्हाला किळस कशी नाही येत?"

बाईंच्या पर्समध्ये शिक्षिकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली होती. चौदा वर्षं. या चित्राची मांडणी त्यांनी आठवडाभर भेटेल त्याला समजावून सांगितली होती. मुलीचे हात मागे का आहेत, हे मात्र मुलीला एकदाही विचारलं नव्हतं.

"येतेय की, सर," त्या म्हणाल्या. "माझीच येतेय."

सूर्य. गेला.

कबूतर. गेलं.

पुस्तक, इमारत.

"अहो बाई!"

अध्यक्ष. गेले.

बंद दार उरलं, आणि मुलगी. बाईंनी फाइल छापखान्याला पाठवून दिली. मुख्याध्यापकांचा चेहरा लालबुंद झाला होता. 

"बाई, मी जाऊ?" उंबऱ्यातून आवाज आला. "ती खोळंबली असेल."