आईचा फोल्डर

वैजनाथरावांना स्मृतिभ्रंश झाला होता. त्यांच्या संगणकावर सिनेमे, भजनं आणि घरचे व्हिडिओ एकत्र दाखवणारं सॉफ्टवेअर बसवायला मुलगी सावनी बीड बायपास रस्त्यावरच्या त्यांच्या घरी आली. तिनं दोन वापरून पाहिली. पहिल्यात सगळंच दिसायचं. आईचा व्हिडिओ लागला की बाबा विचारायचे, "ही कुठं गेली?" ती वारल्याचं सांगितलं की दर वेळी नव्यानं रडायचे. दुसऱ्यात फोल्डरला कुलूप लावता यायचं. सावनीनं तेच ठेवलं आणि आईचे व्हिडिओ कुलूपबंद केले. दुपारी बाबा बराच वेळ संगणकाला जोडलेल्या रिमोटची बटणं दाबत राहिले. "यात तुझी आई का नाही?" सावनीच्या तोंडून निसटलं, "टँकर आलाय, बाबा. पाणी भरायला गेलीय." बाबांनी रिमोट ठेवला. "मग तू इथं काय बसलीस? तिला हंडा उचलवत नाही. जा." सावनी उठून रिकाम्या गल्लीत जाऊन उभी राहिली.