थापलेला पुरावा

सन २०७१, माघ महिना. स्थळ: सांगलीच्या परभाषा विद्यालयातील जर्मनचा वर्ग.

आंतरजालावरचा बहुतेक मजकूर आता यंत्रेच लिहीत असल्यामुळे शोधप्रकल्पाची अट एकच होती: जर्मनमध्ये पत्रव्यवहार करून जालावर एक माणूस शोधावा आणि तो खरोखर माणूस असल्याचे सिद्ध करावे. गेल्या वर्षी शाल्मली एका यंत्राला आजोबा समजून नापास झाली होती. या खेपेस चुकली, तर तिचा प्रवेश रद्द होणार होता.

“मी ज्यांना पत्रं लिहिते त्या जर्मन बाई फार चिडक्या आहेत, सर,” शाल्मली म्हणाली. “तुझं जर्मन भयंकर आहे म्हणाल्या.”

“चिडायला सांगितलं की यंत्रही चिडतं,” खांबेटे सर म्हणाले. “पुरावा काय?”

“त्यांनी भाकरीची कृती विचारली, मी जर्मनमध्ये कळवली. आज टपालानं हे आलं.”

सरांनी पुडके सोडले. आत एका कडेने करपलेली, वाकडी भाकरी होती आणि तिच्यावर बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते.

“सर, दात सांभाळा!” मागच्या बाकावरून कोणी ओरडले.

सरांनी तुकडा मोडून चावला. त्यांच्या कपाळावरची आठी विरताना पाहून शाल्मलीने रोखलेला श्वास सोडला.

“भाकरी बिघडली आहे, थापली मात्र माणसानंच. उत्तीर्ण.”