थांबलेलं जातं

"सपनाताई, हे उघडू का?"

भावजयीचं, करुणाचं, बोट माऊसवर थबकलं होतं. पडद्यावर मेल होता. तुमचं पार्सल अडकलं आहे, सोबतची फाईल उघडा. पाठवणाऱ्याचं नाव धड नव्हतं, फाईलच्या नावाचं शेपूट भलतंच होतं. सपना वसमतला एका ऑफिसात दिवसभर संगणकावर बसायची. तिने एका नजरेत ओळखलं, हा व्हायरस. तिनेच करुणाला शिकवलं होतं, अनोळखी काही आलं तर मला विचारल्याबिगर हात लावायचा न्हाई. तेव्हापासून हट्ट्याहून, माहेरच्या गावाहून, दिवसाआड फोन यायचा, 'ताई, हे दाबू का?' ताईने नको म्हटलं की विषय संपला.

आज सपना हट्ट्याला आली होती, करुणाच्या शेजारीच बसली होती. पण तिचं लक्ष मेलकडे नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात एक फोल्डर होतं. नाव, 'आई'.

आत सपनाच्या आईच्या, पद्माबाईंच्या, दोनशे बारा ओव्या होत्या. दिवाळीत अर्धांगवायूने पद्माबाईंची वाचा गेली, उजवं अंग गेलं; तेव्हापासून त्या याच खोलीत खाटेवर पडून होत्या. त्याआधी वर्षभर करुणा सासूला जात्यापुढे बसवायची, मूठभर ज्वारी टाकायची. जातं फिरल्याशिवाय पद्माबाईंच्या तोंडून ओवी फुटत नसे. जात्याची घरघर आणि तिच्यावर तरंगणारा तो गळा, सगळं करुणाने फोनवर भरून इथं उतरवून ठेवलं होतं.

सपनाच्या वाट्याला मात्र एकही ओवी आली नव्हती. तिने माहेरच्या दारात चपला काढल्या की जातं थांबायचं. आई पदराला पीठ पुसायची. "आलीस व्हय? बरी हाईस का?" संपलं.

परक्या घरच्या पोरीपुढे गळा मोकळा, आणि पोटच्या लेकीपुढे कुलूप. आता 'आई' हा शब्दसुद्धा हिनेच घेतला. वर पेन ड्राइव्ह लावलाय. नेत असेल आपल्या माहेरी मिरवायला.

चुलीत ओलं लाकूड धुमसावं तसं सपनाला आतून झालं.

"ताई? उघडू ना?"

"उघडा की. पार्सलच असंल."

करुणाने उघडलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाखरांनी कणसातले दाणे टिपावेत तशा एकेक करत फाईली पांढऱ्या पडत गेल्या. नावांपुढे भलतीच अक्षरं लागली. पेन ड्राइव्हमधल्याही गेल्या. शेवटी लाल चौकटीत पैसे मागणारी इंग्रजी धमकी उमटली.

सपनाच्या पोटातला धूर निवला. क्षणभरच.

"माझीच चूक," करुणा रडायला लागली. "घाई मीच केली. तुमाला आज द्यायचा म्हणून पेन ड्राइव्ह भरून राहिले होते, ताई. फोनमदलं तर कवाच पुसलं."

"मला? मला काहून?"

"तुमच्याच तर हायेत सगळ्या. तुमी आल्या की आत्याबाई थांबायच्या. म्या इचारलं तर म्हणायच्या, लेकीचं नाव लेकीपुढं गायलं तर दोघी रडू, मग ती सासरी कशी जाईल? मी त्यांना आत्याबाईच म्हणते ना. 'आई' तुमच्यासाठी लिव्हलं होतं." तिने नाक पुसलं. ध्यानात राहिलेली एक ओवी हलकेच गुणगुणली.

"वसमतच्या वाटेनं, येष्टी गेली धुरळ्यात
सपनाबाई माझी, उभी दिसे डोळ्यात."

खाटेवरून कसलीशी सळसळ आली. सपनाने वळून पाहिलं. आईचा डावा हात हवेतच जातं फिरवत होता.

लेकीची नजर पडली, आणि तो थांबला.