साडेपाच गुणांची भाजी

एकोणतीस, तीस, एकतीस. हेडसर डोळे मिटून घास चावत होते आणि डाव्या हाताच्या पेरांवर मोजत होते. समोर बायको वाढायला उभी होती. आज भाजीत मीठ जास्त पडलं होतं, हे तिलाही कळलं होतं आणि हेडसरांना तर पहिल्याच चावण्यात कळलं होतं. पण बोलायची सोय नव्हती. बत्तीस झाले, घास उतरला, आणि त्यांनी मुकाट्याने पुढचा घास उचलला.

ही शिक्षा डॉक्टरीणबाईंची. हेडसरांच्याच शाळेत शिकलेल्या. "सर, बावन्न वर्षांचे झालात, दगड पचवायचे दिवस संपले," त्या म्हणाल्या होत्या. "तेलकट बंद. प्रत्येक घास बत्तीस वेळा चावायचा. ताट रिकामं होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. दोन महिन्यांत छातीतली जळजळ थांबली नाही, तर घशातून नळी घालून पोट बघावं लागेल." हेडसर आजवर कुणाच्या बापाला घाबरले नव्हते. नळीला घाबरले.

बोलायचं नाही, हे मात्र जड गेलं. लग्न झाल्यापासून सव्वीस वर्षं ते जेवणाला दहापैकी गुण देत आले होते. पहिला घास तोंडात असतानाच निकाल लागायचा. "भाजी साडेपाच. फोडी एकसारख्या नाहीत." "भात सहा. पाणी जास्त." सातच्या वर ते कधी गेले नाहीत. भरपूर गुण दिले की विद्यार्थी आळशी होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. स्वतःला साधा चहा येत नव्हता, पण उंटावरून शेळ्या हाकायला तो यावा लागत नाही. बायको ताटं घेण्याआधी एक गोळी घ्यायची. तिलाही पित्त होतं, चांगलं अकरा वर्षांचं. "तुझं चहानं होतं," असं हेडसर सांगायचे आणि विषय संपायचा.

एकदा मनावर घेतलं की हेडसर मागे हटणारे नव्हते. ते सूपसुद्धा बत्तीस वेळा चावायला लागले. "बाबा, सूपमध्ये चावायचं काय?" लेकीने विचारलं. त्यांनी पंजा दाखवून तिला थांबवलं. त्यांचे एकवीस झाले होते.

शाळेत तर शिक्षकांच्या खोलीत कुणी किती वेळा चावलं याचा तक्ताच लागला. मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढली. ड्रॉइंगच्या सरांच्या तोंडात अठराच दात उरले होते, त्यांनी किती वेळा चावायचं यावर अर्धी मीटिंग गेली. पोरं पाठीमागे 'बत्तीस सर' म्हणायला लागली.

घरी मात्र वेगळंच घडत होतं. हेडसरांचं जेवण आता पाऊण तास चालायचं. पहिले चार दिवस टेबलावर नुसता चमच्यांचा आवाज होता. मग लेक कॉलेजातलं काहीबाही सांगायला लागली. मग बायको. ती वाचनालयात काम करायची. कुणीतरी पुस्तकात खूण म्हणून कंगवा ठेवून पुस्तक परत केलं होतं, ही गोष्ट तिने एका रात्री पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. गोष्ट कुठे लांबली, हे हेडसरांना बरोबर कळत होतं. पण ते एकोणिसावर होते. दोघी पोट धरधरून हसल्या. हेडसरांचं ताट रिकामं होईपर्यंत ओटा पुसून झालेला असायचा आणि गुण घ्यायला समोर कुणी नसायचं.

दोन महिने झाले. दवाखान्यात हेडसर ताठ बसले होते. शेजारी बायको.

"जळजळ गेली. झोप लागते. पट्टा दोन भोकं आत आला," त्यांनी जाहीर केलं. "तेव्हा आता हे मौन पुरे. घराची शिस्त बिघडली आहे."

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "छान. नळीची गरज नाही. आता जेवताना बोललात तरी..."

"नको," बायको म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. नवंकोरं.

"ही मी अकरा वर्षं दोन्ही जेवणांच्या आधी घेत होते. हे पाकीट दीड महिन्यापूर्वी आणलं. उघडलंसुद्धा नाही."

"तुम्हीही चावून खाता वाटतं?"

"नाही हो. मी पूर्वीसारखीच खाते, तेच खाते. चहासुद्धा तेवढाच. जेवायला बसायचं म्हणजे रोज पेपर द्यायला बसायचं, असं वाटायचं मला. पोटात गोळा यायचा. आता मला भूक लागते."

हेडसरांनी पाकीट उचलून उलटसुलट करून पाहिलं. अकरा वर्षं. त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं की गोळी जेवणाआधीच का.

डॉक्टरीणबाईंनी नवा कागद ओढला, चार ओळी लिहिल्या आणि सरांच्या हातात दिला. सवयीने हेडसरांनी चष्मा चढवला आणि शुद्धलेखन तपासायला घेतलं. चूक नव्हती. औषध जुनंच होतं: सरांनी प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, ताट संपेपर्यंत बोलू नये. मुदत, कायमची. फक्त वर, रुग्णाच्या जागी, बायकोचं नाव होतं.