पहिल्या अक्षरावरचा जोर

सुरतेत, भेस्तानच्या कारखान्यात, इटलीहून आलेल्या नव्या मागांखाली निंबा धागा सोडवायला वाकला होता. इटालियन इंजिनियर त्याच्यावर ओरडला, "फेऽर्माती!" खडखडाटात दुभाषी हर्षदाला 'फेर्माऽती' ऐकू आलं. तिने निंबाला सांगितलं, "माग थांबलेत." निंबाने हात घातला. मागाने तो कोपरापासून तोडून नेला.

निंबाचा भाऊ रामदास सळई घेऊन इंजिनियरवर तुटून पडला. दात पडले, तरी इंजिनियर त्याला तेच म्हणत राहिला, "फेऽर्माती!"

"ताई, काय बकतोय हा?"

आता हर्षदाला पहिल्या अक्षरावरचा जोर स्वच्छ ऐकू आला.

"'थांब' म्हणतोय," ती म्हणाली. "मघाशी निंबालाही हेच म्हणाला होता. मी चुकीचं सांगितलं."

रामदासने इंजिनियरची कॉलर सोडली. सळई सोडली नाही.