वखारीतलं नाव

लाकडं कापणाऱ्या करवत्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न लागलं त्याच वर्षीची गोष्ट. आपलं दोन महिन्यांचं पोर स्वतःच्या आईच्या मांडीवर देऊन करवत्या म्हातारीसमोर खाली बसला होता. बोलायला आला होता, पण नुसती टोपी हातात फिरवत होता.

म्हातारीचा मुलगा त्याच्याबरोबर लाकडाच्या वखारीत कामाला होता. उन्हाळ्यात ओंडक्यांची रास घसरली. त्याने करवत्याला ढकलून बाजूला केलं आणि स्वतः खाली सापडून गेला.

"बोल की," आई म्हणाली. "घरी तर तोंडाचा पट्टा चालू असतो."

"मावशी, पोराला त्याचं नाव ठेवावं म्हणतो. तुम्ही हो म्हणालात तर."

म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. "ठेव बाबा. विचारतोस काय!" आणि तिने मुलाचं नाव घेतलं, लाडाने, दोनदा.

करवत्या गोंधळला. हे नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. करवतीच्या कर्कश आवाजात वखारीत सगळ्यांना आडनावानेच हाक. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवले, पण आडनावापलीकडे जायची वेळ आली नव्हती.

"ते नाही, मावशी. आडनाव."

"घ्या!" आई म्हणाली. "आडनाव कुणी पाळण्यात घालतं का? पुढे एक आडनाव, मागे एक आडनाव. लोक विचारतील, बाबा रे, तू नक्की कुणाचा? शिवाय, तुमच्या तोंडावर सांगते, राग मानू नका, पण त्या आडनावाची माणसं डोक्याने गरम असतात म्हणे."

"खरं आहे ते," म्हातारी शांतपणे म्हणाली. "सासरा गरम, दीर गरम, नवरा तर निखारा. नवरा गेला तसं दिरांनी मला घराबाहेर काढलं. पोर कडेवर होतं. मागे वळून पाहिलं तर दार बंद आणि दारावर त्या आडनावाची पाटी. मला नाही ते आवडत. माझ्या पोराला मी ठेवलेलं नाव आहे ना, तेच ठेव."

"सुटले बाई," आई पुटपुटली आणि पोराचं अंगडं नीट करू लागली.

करवत्या उठला नाही. 

"गोड आहे नाव, मावशी. पण त्या नावाच्या माणसाला मी ओळखत नाही. ओंडके सुटले तेव्हा माझा पाय अडकला होता. मी ओरडलो. त्याच्या आडनावाने ओरडलो. तो आला तो त्या हाकेला."

हे त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईचा हात अंगड्याच्या बंदावर थांबला.

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. ती आता काय बोलेल, जा म्हणेल की शाप देईल, त्याला कळेना.

"लांब होता का तो?" तिने विचारलं.

"पार दुसऱ्या टोकाला."

"आणि आला."

"धावत आला."

तिने हात पुढे केले. आईने पोर तिच्या हातांत दिलं. म्हातारीने त्याचं डोकं कोपराच्या खळग्यात नीट बसवलं.

"त्या घरातलं कुणी कधी कुणासाठी धावलं नाही," ती म्हणाली. "हा पहिलाच."

मग तिने पोराच्या तोंडाजवळ वाकून ते आडनाव उच्चारलं. आधी नुसतं, बिचकत. मग शेवटचं अक्षर जरा लांबवून, लहान मुलाला बोलावतात तसं.

पोराने मोठी जांभई दिली.

"रडलं तरी नाही," आई म्हणाली. "असू दे मग."

म्हातारी पुढच्या वर्षी गेली, हिवाळा सरता सरता. पोर तेव्हा नुकतं पाऊल टाकायला लागलं होतं.